खोडावरचा सहा

मी नकाशावर आवाजाच्या रेषा काढते.
बाहेर पंचावन्न डेसिबल, आत साठ, त्याच्या आत पासष्ट;
धावपट्टीभोवती लांबट कांद्याचे पापुद्रे.
पासष्टच्या आत शाळा नको, दवाखाना नको,
नवं घर नको, जुन्याला दुहेरी काचा.
नियम बरे आहेत. त्यातले दोन माझेच.

देओलिंदाच्या घरातून पासष्टची रेषा जाते.
चूल आत, पलंग बाहेर.
सांगितलं तेव्हा म्हणाली,
"म्हणजे झोपायला हरकत नाही.
सूप ढवळताना तेवढे कान झाकायचे."
आणि वाटाणे सोलत राहिली.
माझ्या पेन्सिलीचं टोक अर्धा मिलिमीटर जाड,
जमिनीवर ते साडेबारा मीटर भरतं.
तिचं अख्खं घर नऊ.

तेजो नदीच्या दक्षिणेला सगळी जमीन सपाट,
म्हणून तर सगळ्यांच्या डोळ्यांत भरते.
खाली पाणी आहे, वाळूच्या पोटात, जुनं.
वर भातखाचरं; फेब्रुवारीत तिथे
लांब चोचीचे पक्षी उतरतात, सांडलेलं धान वेचायला.
आराखड्याचं चौथं प्रकरण म्हणतं: पाणथळ राखा.
सातवं म्हणतं: पाणथळ नको, पक्षी इंजिनात जातात.
दोन्ही आमच्याच कचेरीतली,
एकाच पिनेने टोचलेली.

बँडवाल्यांच्या हॉलमध्ये सभा झाली.
पडद्यामागे ट्रॉम्बोन, समोर साठ खुर्च्या.
वाल्देमार उठला: "मी रोज चार तास बसमध्ये घालवतो,
शहरात दुसऱ्यांच्या बॅगा उचलायला.
बॅगाच येऊ देत की इकडे!"
टाळ्या पडल्या, मनापासून.
मग एका म्हाताऱ्याने विचारलं, डांबर किती पाणी पितं?
मी म्हटलं, पीत नाही.
"मग आमच्या विहिरीला कोण पाजणार?"
मी तिसरा तक्ता दाखवला:
त्यात झिरपखड्डे होते, मोकळा हिरवा पट्टा होता,
पट्ट्यापलीकडेच गोदामं, असं बजावलेलं होतं.
मागून कोणीतरी म्हणालं,
पट्ट्यापलीकडची जमीन गोदामवाल्यांनी
नाताळातच घेऊन ठेवलीय.

पट्ट्याची रेषा मी जानेवारीत आखली.

कुस्तोदियो बुचाच्या ओकांची साल काढतो.
कुऱ्हाड अशी बसवतो की आतल्या अंगाला ओरखडा नाही;
साल सुटताना जाड कापड फाटल्यासारखा आवाज येतो,
तो माझ्या कुठल्याच रेषेत बसत नाही.
मग उघड्या खोडावर पांढऱ्या रंगाने
वर्षाचा शेवटचा आकडा.
तीन म्हणजे तेवीस साली सोललं,
आता बत्तीसपर्यंत हात लावायचा नाही.
"आणि नवं लावलं तर?"
पंचविसाव्या वर्षी पहिली साल, ती फुकट.
चौतिसाव्या वर्षी दुसरी, तीही खडबडीत.
बाटलीला बसते ती तिसरी.
मी मनात मोजलं: त्रेचाळीस.
आमचा आराखडा वीस वर्षांत संपतो.
'तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी लावली जावीत':
एवढंच वाक्य, कर्ता नसलेलं.

शेवटचा ओक पश्चिमेच्या टोकाशी,
जिथे माझ्या नकाशात चाकं जमिनीला टेकतात.
त्याने तो सोलला. ब्रश बुडवला.
थांबला, माझ्याकडे पाहिलं.
यंदाचा सहा, म्हणजे पस्तीस.
पस्तीस साली इथे काय असेल
हे माझ्या टेबलावर लिहून ठेवलेलं आहे, शिक्क्यासकट.
मी काही बोलले नाही.
त्याने सहा काढला, पोट नीट गोल करून,
आणि डब्याचं झाकण दाबताना म्हणाला,
"रंग ओला आहे. टेकू नकोस."